मैदानावर लघवी सुटते, सांगायचं कुणाला?

गेल्या अंकात गुडघ्याच्या दुखापतींवर लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की उड्या मारताना लघवी सुटत असेल तर तेही फिजिओला सांगत जा. गुडघ्याबद्दल दोनचार मेल आले आणि त्या एका वाक्याबद्दल मात्र ढीगभर. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, पत्रं कापून छोटी केलीत.

प्रश्न : मी २० वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यात राहते, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. ८०० मीटरच्या शेवटच्या दोनशे मीटरला माझी थोडी लघवी सुटते, कधीकधी १०० मीटरच्या स्टार्टलाच सुटते. गोळा फेकताना नाही होत. माझं लग्न झालेलं नाही. मैत्रीण म्हणते हे बाळंतपण झालेल्या बायकांना होतं, मग मला का होतंय? हल्ली मी सकाळी पाणीच पीत नाही. आईला फक्त जळजळ होते एवढंच सांगितलं तर ती म्हणाली उष्णता आहे, सब्जा घे. पुढे लग्नात काही अडचण येईल का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण खरी झोप तिथे उडालीय हे कळतंय. नाही येणार. याचा लग्नाशी, मूल होण्याशी, तू कशी मुलगी आहेस याच्याशी काडीचाही संबंध नाही, हा स्नायूंचा मामला आहे, पोटरीत गोळा येतो तसलाच.

आता तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं. बाळंतपणानंतर हा त्रास वाढतो हे खरंच आहे पण मूल न झालेल्या खेळाडू मुलींना तो होत नाही हे साफ चूक. १९९४ साली अमेरिकेत कॉलेजच्या टीममधून खेळणाऱ्या १४४ मुलींना हाच प्रश्न विचारला होता, सरासरी वय विशीच्या आसपास, मूल कुणालाच झालेलं नाही. त्यातल्या २८ टक्के म्हणाल्या की खेळताना आमची लघवी सुटते. खेळानुसार बघितलं तर अजून मजेशीर आहे, जिम्नॅस्टिक्सवाल्या ६७ टक्के, बास्केटबॉलवाल्या ६६, टेनिसवाल्या ५०, आणि गोल्फवाल्या शून्य. म्हणजे जिथे उडी आहे, धाडकन पाय आपटणं आहे, झटकन थांबून वळणं आहे तिथे त्रास. या मुली अशक्त होत्या का? त्या त्यांच्या कॉलेजातल्या सगळ्यात फिट मुली होत्या.

का होतं ते सांगते. पुढे ओटीपोटाच्या खालचं हाड आणि मागे माकडहाड, या दोघांच्या मध्ये झोळीसारखे बांधलेले स्नायू असतात, त्यांनाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय या सगळ्यांचा भार त्यांच्यावर असतो आणि लघवीची, योनीची, शौचाची अशा तिन्ही वाटा त्यांच्यातूनच बाहेर येतात. तू पळतेस तेव्हा प्रत्येक पावलाला तुझ्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून वर येतो, आणि त्याच क्षणी पोटातला दाब खाली ढकलत असतो. पाय टेकायच्या जरासं आधी हे स्नायू आपोआप आवळले जातात, तुला ते करावं लागत नाही. पण मांड्या थकतात तसे हेही थकतात, आवळायला उशीर करतात, कमी आवळतात, आणि तेवढ्यात थेंब निसटतो. तुझं पहिल्या सहाशे मीटरला काही होत नाही आणि शेवटच्या दोनशेला होतं, यातच अर्धं निदान झालं. स्टार्टला सुटते ते वेगळं, तिथे तू श्वास कोंडून एकदम जोर लावतेस.

पाणी बंद केलंयस ते आजपासून चालू कर. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, मूत्राशयाला टोचते, त्यामुळे उलट सारखी लागते, शिवाय शौचाला खडा होतो आणि कुंथायला लागलीस की याच स्नायूंवर रोज सकाळी भार. त्यात तुला जळजळ होतेय, म्हणजे लघवीची साधी तपासणी आधी करून घे, इन्फेक्शन असेल तर ते गोळ्यांनीच जाईल, सब्जाने नाही. सब्जा आवडत असेल तर पी, त्याला माझी ना नाही.

व्यायाम असा. पाठीवर झोप, गुडघे उभे. चारचौघांत बसलेली असताना वायू सरकणार असेल तर कशी आतल्या आत रोखतेस, तसं मागून आवळ आणि मग तेच पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आण, आणि आत वर ओढून घे. पोट, मांड्या, ढुंगण कडक होता कामा नये आणि श्वास चालू राहिला पाहिजे, दहापैकी आठजणी इथेच श्वास धरून बसतात. सहा ते आठ सेकंद धर, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोड. सैल सोडणं हाही व्यायामच आहे, ते गाळू नको. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. शेवटी पाचसहा वेळा पटकन आवळ, पटकन सोड. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून, मग चालताना. आणि शिंक, खोकला, गोळा उचलणं, स्टार्टचा पवित्रा, याच्या आधी क्षणभर आवळायची सवय लाव, ती अंगवळणी पडली की फरक लवकर दिसतो. लघवी करताना मध्येच धार थांबवून बघायचा व्यायाम लोक सांगतात, तो करू नको, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते.

फरक आठवड्यात दिसत नाही. तीन महिने धर. जगभरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा २०१८ मध्ये आला, त्यात खोकला-उडीने लघवी सुटणाऱ्या ज्या बायकांनी हे व्यायाम केले त्यातल्या ५६ टक्के म्हणाल्या की त्रास गेला, आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यात ६ टक्के. एवढा फरक गोळ्या-औषधांतही क्वचित दिसतो, आणि खर्च शून्य.

एक अडचण आहे. नुसतं वाचून किंवा ऐकून व्यायाम करणाऱ्या तिघींपैकी साधारण एकीला हे बरोबर जमतच नाही, ती आत ओढण्याऐवजी खाली ढकलते आणि तिला कळतही नाही. महिना-दीड महिना करून काहीच फरक नसेल तर जिल्हा रुग्णालयात बाई फिजिओ आहे का विचार, नाहीतर गायनॅकच्या ओपीडीत जा. लग्न झालेलं नाही आणि आतून तपासणी नको असेल तर तसं स्पष्ट सांग. पोटावरून सोनोग्राफीचा प्रोब ठेवूनही स्नायू हलतो की नाही ते दिसतं.

भरतीच्या दिवशी गडद ट्रॅकपँट आणि लघवीसाठी मिळतं ते पातळ पॅड, पाळीचं नाही, ते पातळ लघवी भरभर शोषत नाही आणि पळताना मांडीला घासतं. रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं तेव्हा पाणी घोटघोट पी आणि तुझा नंबर यायच्या आधी एकदाच जाऊन ये.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी मुलींची खो-खोची टीम बघतो. प्रॅक्टिसमध्ये दर पंधरावीस मिनिटांनी कुणीतरी "सर जाऊन येऊ का" म्हणते. टाळाटाळ असते की खरंच काही त्रास असतो? बायकोने तुमचा लेख वाचायला दिला. मी पुरुष माणूस, विचारणार कसा?

उत्तर : सर, एकेकीला बाजूला घेऊन विचारू नकाच. सगळ्या टीमला एकदा उभं करून, नडगी दुखणं, घोटा मुरगळणं यांच्याच यादीत हेही सांगून टाका, की खेळताना लघवी सुटणं हीसुद्धा खेळातली एक तक्रार आहे, मला सांगायचं नसेल तर अमुक मॅडमना सांगा, टीममधून कुणाला काढणार नाही. यातलं टीममधून न काढण्याचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. मुली गप्प बसतात त्या लाजेने कमी आणि टीममधून नाव जाईल या भीतीने जास्त.

खो-खोत या स्नायूंची परीक्षाच असते. पाटीवर उकिडवं बसायचं, खो मिळाला की झटक्यात उठून सुटायचं, खांबाला धरून गर्रकन वळायचं, वर सूर मारून छातीवर पडायचं. सरावात उठण्याच्या क्षणी श्वास सोडायला शिकवा, दम कोंडून उठू देऊ नका. दोन डावांच्या मध्ये सगळ्यांनाच ब्रेक द्या म्हणजे कुणा एकीला हात वर करावा लागणार नाही. मात्र थेंबभर आलं की जा ही सवयही बरी नाही. सारखं उगाच जाऊन आलं की मूत्राशयाला कमी साठवायची सवय लागते. दिवसात सहा ते आठ वेळा जाणं ठीक आहे, प्रॅक्टिसच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा पुरे व्हायला हवं. त्याहून जास्त लागत असेल तर ती टाळाटाळ समजू नका.

तुमच्या मैदानाजवळ कडी लागणारा, पाणी असलेला संडास आहे का? नसेल तर माझं वरचं सगळं वाया. सकाळी घरून निघालेली मुलगी शाळा करून प्रॅक्टिस संपेपर्यंत आठ-नऊ तास रोखून धरते आणि त्यासाठी दुपारचं पाणी सोडते, मग इन्फेक्शन, मग बद्धकोष्ठ, मग प्रॅक्टिसला दांडी. यावर फिजिओथेरपी चालत नाही, ग्रामपंचायतीकडे किंवा संस्थेकडे अर्ज चालतो. तो करा.

ड्रेस ठरवताना शॉर्ट गडद रंगाची घ्या. विम्बल्डनसारख्या पांढऱ्याचा हट्ट धरणाऱ्या स्पर्धेनेही २०२३ पासून बायकांना आत गडद शॉर्ट्स घालायची परवानगी दिली, ती पाळीच्या कारणाने होती पण फायदा दोन्हीला. आणि उशीर झाला म्हणून उड्या मारायची शिक्षा देत असाल तर ती बंद करा हे मी आगाऊपणा करून सांगतेच.

अजून एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. कुणाची पाळी तीन महिने आली नसेल तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडू नका. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या सगळ्या प्रकाराला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला. अशा अर्धपोटी मुलींमध्ये लघवीच्या तक्रारीही जास्त दिसतात. सकाळी नुसत्या चहावर येतात का तेवढं बघा.

प्रश्न : वय ३१, पुणे. पाच महिन्यांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झाली, टाके पडले होते. आधी मी आरामात १० किलोमीटर पळायचे. आता परत सुरू केलं तर तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला खाली जड वाटतं, काहीतरी उतरून आल्यासारखं, संध्याकाळी जास्त. सासूबाई म्हणतात सव्वा महिना पोट बांधलं नाहीस म्हणून. डॉक्टर म्हणाल्या सगळं ठीक आहे पण पळणं कायमचं सोडा. मेरी कोम जुळ्यांनंतर बॉक्सिंग करू शकते आणि मी पळूही नाही?

उत्तर : मेरी कोमची जुळी २००७ मधली आणि २००८ मध्ये ती परत वर्ल्ड चॅम्पियन झाली हे खरं, पण मधल्या वर्षात रोज काय काय केलं असेल, कोण मदतीला असेल, ते पदकाच्या फोटोत येत नाही. तुझी तुलना तुझ्याच मागच्या आठवड्याशी कर.

जड वाटणं, उतरल्यासारखं वाटणं हे अंग, म्हणजे गर्भपिशवी किंवा मूत्राशय, खाली सरकल्याचं लक्षण असू शकतं. गावाकडे ज्याला अंग बाहेर येणं म्हणतात ती त्याची शेवटची पायरी झाली, त्याआधीच्या पायऱ्या बऱ्याच सौम्य असतात आणि पहिल्या वर्षात पुष्कळ सुधारतात. पोट न बांधल्याने हे झालेलं नाही. बाळाचं डोकं बाहेर येताना हे स्नायू प्रचंड ताणले जातात, कधी हाडापासून सुटतातही, चिमटा लावला असेल तर जास्त. उलट पोट फार करकचून बांधलं तर दाब खालीच ढकलला जाऊ शकतो. सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

स्तनपान चालू आहे ना? मग इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, खालची कातडी कोरडी आणि नाजूक असते, त्यानेही लक्षणं जास्त जाणवतात.

आता पळणं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओंनी बाळंतपणानंतर पळायला लागण्याबद्दल सूचना लिहिल्या, त्यात किमान १२ आठवडे थांबा असं आहे. लोक ते वाचून तेराव्या आठवड्यात बूट घालतात! बारा आठवडे ही फक्त खालची मर्यादा आहे, त्यानंतर परीक्षा. अर्धा तास भरभर चालून जड वाटतं का? एका पायावर दहा सेकंद तोल राहतो का? एका पायावर दहा अर्ध्या बैठका? जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, मग प्रत्येक पायावर दहा लंगड्या उड्या, आणि यातल्या कशातही लघवी नाही, जडपणा नाही, दुखणं नाही. जिथे अडेल तिथेच महिनाभर काम कर. सगळं जमलं की एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं असं सुरू कर. पळून आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतंय ते बघूनच पुढचा आठवडा ठरव, रात्रीच्या जागरणानंतरच्या दिवशी अंतर वाढवायचं नाही.

कायमचं सोडा हे मला पटलेलं नाही. दुसरं मत घे, आणि तपासणी नुसती आडवं झोपून आरामात नको, खोकायला आणि जोर लावायला सांगून, शक्य असेल तर उभं राहूनही बघायला सांग, कारण झोपल्यावर सगळं आपोआप जागेवर जातं आणि डॉक्टरला खरंच काही दिसत नाही. पेसरी नावाची सिलिकॉनची रिंग मिळते, ती आत बसवून आधार देते. आपल्याकडे ती म्हाताऱ्या बायकांसाठी असते असा समज आहे पण नुसती पळायच्या वेळी घालून नंतर काढणाऱ्या तरुण बायकाही आहेत. माप घेऊन बसवावी लागते, ऑनलाइन मागवू नको.

कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घे आणि कुंथू नको. आणि बाळाला उचलताना, पाण्याची बादली उचलताना श्वास सोडत उचल. दिवसात वीस वेळा होणाऱ्या या गोष्टी आठवड्यातून तीनदा होणाऱ्या पळण्यापेक्षा जास्त भार टाकतात.

प्रश्न : २९, नाशिक, पॉवरलिफ्टिंग करते, लग्न झालंय. डेडलिफ्टला ८० किलोच्या पुढे लघवी सुटते. ट्रेनर म्हणाला सगळ्याच लिफ्टर्सना होतं, मेहनतीची खूण आहे. मी अॅप डाऊनलोड करून रोज २०० केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम, करते, चार महिने झाले, त्रास वाढलाय आणि आता संबंधाच्या वेळीही दुखतं. काय चुकतंय?

उत्तर : केगल आजच थांबव. हो, वर मीच व्यायाम सांगितला आणि इथे थांबव म्हणतेय, कारण तुझा त्रास उलटा असण्याची शक्यता मोठी आहे. अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा तो आत दाब मोजायचं यंत्र ठेवून, बाईला समोर आकडा दाखवून शिकवायचा. यंत्र गेलं, तपासणी गेली, आणि मोबाईलवर टिंग वाजलं की आवळा एवढंच उरलं.

संबंधाच्या वेळी दुखणं, टॅम्पॉन घालताना दुखणं, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागणं, पूर्ण झाली नाही असं वाटणं, माकडहाडापाशी ठणका, यातलं काही असेल तर ते स्नायू बहुधा ढिले नाहीत, सतत आवळलेले आहेत. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर ऐनवेळी अजून आवळायला जागाच उरत नाही, म्हणून लघवी सुटते. जिममध्ये पोट कायम आत ओढून वावरणाऱ्या मुलींमध्ये हे पुष्कळ बघते, आरशाचा दोष.

तुला आधी सोडायला शिकायचंय. पाठीवर झोपून पोटात खोल श्वास घे, श्वास आत जाताना खालची जागा रुंद होतेय, सैल होतेय असं जाणवू दे. बालासन, उकिडवं बसून भिंतीला टेकून पाच मिनिटं. पण तुझ्या बाबतीत मी कागदावर थांबणार नाही, पेल्विक फ्लोअर बघणाऱ्या फिजिओकडे जाच, आतून तपासून कुठला भाग घट्ट आहे ते शोधावं लागतं आणि हाताने मोकळं करावं लागतं. नाशिकमध्ये नसेल तर मुंबई-पुण्याला एकदा जाऊन पुढचं व्हिडिओवर जमतं.

लिफ्टिंग सोडू नको. ज्या वजनाला सुटत नाही तिथपर्यंत खाली ये, समज ६५, आणि तिथून हळूहळू चढ. हलक्या सेटला उचलताना श्वास सोड. खरोखरच्या जड वजनाला श्वास धरावाच लागतो, त्याशिवाय कंबर सांभाळली जात नाही, पण तो धरून खाली ढकलायचं नसतं. पायांमधलं अंतर थोडं बदलून बघ, काहीजणींना तेवढ्यानेच फरक पडतो. बेल्ट व्हिलन नाही, पण वॉर्मअपपासून लावून फिरायची गरज नाही. आणि ट्रेनरला सांग, खांदा दुखला असता तर मेहनतीची खूण म्हणाला असतास का.

प्रश्न : वय ५३, ठाणे. रोज सकाळी बायकांचं बॅडमिंटन असतं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. स्मॅश मारताना सुटते, आणि आता घरी कुलपाला किल्ली लावली की एकदम इतकी जोरात लागते की दार उघडेपर्यंत धीर धरवत नाही. ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर : ताई, तुम्हाला दोन्ही प्रकार एकत्र आहेत. स्मॅशला सुटते ती दाबाने, दारापाशी सुटते ती मूत्राशय घाईने आकुंचन पावतं म्हणून, आणि बऱ्याच बायकांना पन्नाशीनंतर असं मिश्रच असतं. आधी लघवीची आणि शुगरची तपासणी. तीन दिवस वहीत लिहा, किती वाजता काय प्यायलात, किती वाजता गेलात, कधी सुटली. त्यातून गंमत कळते, बऱ्याचदा सकाळी दोन कप चहा पिऊन कोर्टवर गेलेलं असतं!

घाईवर उपाय असा की लागली की पळायचं नाही. जागीच थांबा, खाली पाचसहा वेळा पटपट आवळा, दुसरीकडे लक्ष न्या, लाट ओसरली की मग शांतपणे चालत जा. जाण्यातलं अंतर दर आठवड्याला दहापंधरा मिनिटांनी वाढवा. दाबावर वर सातारच्या मुलीला सांगितलेले व्यायाम, तुम्हालाही तितकेच लागू होतात, वय आड येत नाही. पाळी गेल्यावर खालची कातडी पातळ, कोरडी होते, त्यावर योनीत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, फार कमी मात्रेत, ती गायनॅकला विचारा, स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आवर्जून आधी सांगा. वजन जास्त असेल तर थोडं कमी केल्यानेही सुटणं कमी होतं.

ऑपरेशन हा शेवटचा मुक्काम. मूत्रमार्गाखाली पट्टी बसवतात, दाबाने सुटणाऱ्या लघवीवर ते चांगलं चालतं, घाईवर नाही, म्हणून आधी कुठला त्रास मोठा हे ठरल्याशिवाय कुणी लगेच तारीख देत असेल तर थांबा. मात्र लघवीत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

काही छोटे प्रश्न आलेत, ते भरभर घेते.

मूलबंध म्हणजे हेच का, असं सांगलीच्या योगशिक्षिका विचारतात. स्नायू बऱ्याच अंशी तेच. फक्त मूलबंधासोबत श्वास रोखायला शिकवत असाल तर लघवी सुटणाऱ्या बाईला श्वास चालू ठेवूनच शिकवा, आणि सोडण्यावर तेवढाच वेळ द्या.

मडगावची सायकलिस्ट, लांब राइडनंतर खाली बधिर होतं. सीटवर नस दाबली जातेय. सीटचं पुढचं टोक थोडं खाली करा, बसायची हाडं पूर्ण टेकतील एवढी रुंद, मध्ये खाच असलेली सीट बघा, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभ्या राहा. सायकल नसतानाही बधिरपणा राहिला, पायात कमजोरी आली, लघवी अडली तर थेट हॉस्पिटल.

कबड्डीपटू, कोल्हापूर, मेन्स्ट्रुअल कप घालून खेळलं तर चालेल का. चालेल. काढताना नुसता ओढायचा नाही, बूड चिमटून हवा सोडायची आणि मग काढायचा, नाहीतर प्रत्येक वेळी आतल्या अवयवांना खाली ओढ बसते.

दगडाची अंडी योनीत ठेवायची जाहिरात आली होती, घेऊ का? नको.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला राहतो. मुलगी १३ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स करते, हल्ली ट्रॅम्पोलिनही. तीन महिन्यांपासून ट्रॅम्पोलिनवर तिची चड्डी ओली होते, इतर वेळी अजिबात नाही. तिच्या आजी म्हणतात खेळ बंद करा, गर्भपिशवी सरकेल. बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. स्वीडनमध्ये १२ ते २२ वयाच्या ३५ ट्रॅम्पोलिनपटू मुलींना विचारलं होतं, त्यातल्या ८० टक्के मुलींची ट्रॅम्पोलिनवर लघवी सुटत होती. म्हणजे तिच्या ग्रुपमधल्या अजून कुणाकुणाला होत असणार, फक्त बोलत कुणी नाही. गर्भपिशवी सरकेल ही भीती या वयात मनातून काढा.

पण ८० टक्के मुलींना होतं म्हणून चालायचंच, असंही म्हणू नका. स्पर्धेच्या मागे लागलेल्या क्लबांमध्ये ते फार सोपं होऊन बसतं, काळी लेगिंग दिली की प्रश्न मिटला. कोचशी बोलून सलग उड्यांचा वेळ कमी करा, मध्ये विश्रांती ठेवा, थकल्यावर नवीन उडी शिकवू नका. मोठ्या उड्यांआधी एकदा जाऊन येऊ दे. पोट साफ होतं का ते नीट विचारा, या वयातल्या मुली शाळेतला संडास नको म्हणून शौचही रोखून धरतात आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर बसतं, कित्येकदा तेवढं सुटलं की लघवीचंही सुटतं. व्यायाम तिला शिकवता येतात, तिच्या वयाला आतून तपासायची गरज नसते. दिवसाही इतर वेळी सुटायला लागली, रात्री अंथरुणात व्हायला लागली किंवा जळजळ असेल तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि पत्र बाबांनी लिहिलंय हे मला फार आवडलं. तिने तुम्हाला सांगितलं असेल तर ते तसंच चालू राहू द्या, जेवताना सगळ्यांसमोर विषय काढू नका, बॅगेत एक जादा जोडी आणि प्लास्टिकची पिशवी तिची तिला ठेवू द्या.